मूत्रपिंडाचा कर्करोग आणि गळ्यातील गाठ



वसंतातल्या प्रसन्न सायंकाळी कर्करोगाचा विषय काढणे कित्येकांना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्ञानाच्या सत्रात भयाच्या विषयांना मज्जाव करून भागत नाही. भय ज्या अंधारात वाढते तेथे दिवा नेणे हेच अशा सत्राचे काम होय. आज मी कर्करोगाच्या अफाट प्रांतातील एक लहानसा कोपरा निवडला आहे. मूत्रपिंडात सुरू झालेला कर्करोग कधी कधी कित्येक वर्षांनी गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत गाठीच्या रूपाने प्रकट होतो. तो तेथे पोचतो कसा, इतकी वर्षे दडून कसा राहतो, त्याला ओळखावयाचे कसे, आणि ओळखल्यावर करावयाचे काय, एवढेच प्रश्न आपणास घ्यावयाचे आहेत. हा प्रकार विरळा आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु त्यापासून घ्यावयाचा धडा मात्र घरोघरच्या उपयोगाचा आहे.

प्रथम या दोन अवयवांची ओळख करून घेऊ. मूत्रपिंडे दोन. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, पोटाच्या अगदी मागच्या भिंतीशी ती असतात. प्रत्येक मूत्रपिंड सुमारे ११ सेंटिमीटर लांब व वजनाने दीडशे ग्रॅमच्या आसपास असते. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाचा जेमतेम दोनशेवा हिस्सा भरेल. तरी हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त बाहेर लोटते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या जोडीकडे जातो. रक्त गाळण्याचे काम तिच्याकडे असल्यामुळे हा मान तिला मिळाला आहे.

थायरॉइड, म्हणजे आपले शास्त्रीय ग्रंथ जिला अवटु ग्रंथी म्हणतात ती, गळ्याच्या पुढच्या अंगाला, कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगून बसलेली असते. आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा, आणि वजन अवघे १५ ते २५ ग्रॅम. आहारातील आयोडीन उचलून त्यापासून ती जो स्राव तयार करते, त्यावर शरीरातील सर्व पेशींच्या कामाची गती अवलंबून असते. या चिमुकल्या ग्रंथीच्या एकेका ग्रॅममागे मिनिटाला ४ ते ६ मिलिलिटर रक्त खेळते. हे प्रमाण मूत्रपिंडाच्या तोडीचे आहे. एक अवयव कमरेशी, दुसरा गळ्याशी. एकाचे काम दुसऱ्याला ठाऊक नाही. परंतु रक्ताच्या बाबतीत दोघेही सारखेच खर्चिक, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता मूत्रपिंडाच्या कर्करोगाकडे वळू. हा रोग पुरुषांत स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आढळतो. धूम्रपान, अतिस्थूलता आणि रक्तदाबाचा विकार यांमुळे त्याचा संभव वाढतो. लघवीतून रक्त जाणे हे त्याचे एक ठळक लक्षण होय. आणि ते न दुखता गेले तर तेवढ्यासाठीच अधिक गंभीर मानावे. परंतु मूत्रपिंड पोटात खोलवर असल्यामुळे रोग पुष्कळ काळ बोभाटा न करता वाढू शकतो. अलीकडे कित्येक रुग्णांत तो दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अवचित दृष्टीस पडतो.

या रोगाच्या ज्या जाती आहेत त्यांत शंभरांपैकी सत्तराहून अधिक रुग्णांत आढळते ती ‘स्वच्छ पेशींची’ जात. नाव ऐकून कोणी फसू नये. या पेशींत चरबी व ग्लायकोजेन नावाची साखरेची साठवण भरलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी काप तयार करताना हे द्रव्य विरघळून जाते, आणि पेशी आतून रिकामी, काचेसारखी स्वच्छ दिसते. १८८३ साली पाउल ग्राविट्झ या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने या पेशी मूत्रपिंडाच्या डोक्यावर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीच्या भरकटलेल्या अंशांतून आल्या असाव्यात असा तर्क केला. तो तर्क पुढे चुकीचा ठरला; या पेशी मूत्रपिंडाच्याच सूक्ष्म नलिकांतल्या. तरीसुद्धा त्या तर्कावरून पडलेले ‘हायपरनेफ्रोमा’ हे नाव कित्येक दशके वैद्यकाच्या पुस्तकांत नांदत होते. रोगाचे मूळ कोठले, हा प्रश्न या पेशींच्या पाठीशी असा पहिल्यापासून लागलेला आहे.

या जातीच्या स्वभावाची गुरुकिल्ली १९९३ साली हाती आली. त्या वर्षी ‘व्हीएचएल’ या नावाने ओळखला जाणारा जनुक शोधून काढण्यात आला. निरोगी पेशीत हा जनुक एका पहारेकऱ्याचे काम करतो. पेशीला प्राणवायू कमी पडला की एक प्रथिन साचू लागते आणि ते “नव्या रक्तवाहिन्या धाडा” असा संदेश सोडविते. प्राणवायू पुरेसा मिळाला की व्हीएचएलचा पहारेकरी त्या प्रथिनाची विल्हेवाट लावतो आणि हाकाटी थांबते. स्वच्छ पेशींच्या कर्करोगात बहुधा हा पहारेकरीच नाहीसा झालेला असतो. त्यामुळे पोट भरलेले असूनही भुकेचा आक्रोश करणाऱ्या माणसासारखी ही पेशी प्राणवायू असतानाही रक्तवाहिन्या मागत सुटते. प्राणवायूची ही जाणीव पेशीला कशी होते याचा उलगडा करणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा या तिघांना २०१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. या साऱ्याचा परिणाम असा की, मूत्रपिंडातील ही गाठ पातळ भिंतींच्या असंख्य रक्तवाहिन्यांनी भरून जाते. ज्या घराला इतकी दारे, त्यातून बाहेर पडण्यास वेळ तो काय लागणार?

बाहेर पडलेल्या पेशीचा प्रवास आता पाहू. मूत्रपिंडातून अशुद्ध रक्त नेणाऱ्या नीलेतच ही गाठ पुष्कळदा मुळे घालते. तेथून सुटलेली पेशी महानीलेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तेथून फुप्फुसात जाते. फुप्फुसातील केशवाहिन्यांची चाळण अत्यंत बारीक असल्यामुळे बहुतेक पेशी तेथेच अडकतात. म्हणूनच हा रोग सर्वांत अधिक वेळा फुप्फुसात पसरतो. काही पेशी मात्र त्या चाळणीतून निसटून हृदयाच्या डाव्या बाजूस येतात, महारोहिणीत शिरतात, आणि मग त्यांना सारा देश मोकळा होतो. मानेत मेंदूकडे व चेहऱ्याकडे जाणाऱ्या रोहिणीची एक शाखा फुटताच थायरॉइडकडे वळते. दुसरी एक शाखा खालून येते. अशा दोन्ही अंगांनी ग्रंथीत भरपूर रक्त येत असते. त्याबरोबर कर्करोगाची पेशीही येते.

यावर कोणी म्हणेल, उलगडा झाला! जेथे रक्त अधिक तेथे पेशी अधिक, आणि जेथे पेशी अधिक तेथे गाठ. पण निसर्ग इतका सरळ हिशेब मांडीत नाही. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने स्तनांच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. त्याला असे दिसले की, यकृतात दुय्यम गाठी वारंवार होतात आणि प्लीहेत क्वचितच. रक्त तर प्लीहेतही मुबलक जाते! त्यावरून त्याने सांगितले की, बी वाऱ्यावर चहूकडे उडते, पण मानवेल त्याच जमिनीत उगवते. आपल्या शेतकऱ्याला हे सांगावयास नको. कोकणातले भाताचे बी सोलापूरच्या माळावर टाकून कोणी पिकाची वाट पाहत बसत नाही. पुढे अमेरिकेतील जेम्स युइंग याने उलट बाजू मांडली : रक्ताचा प्रवाह जिकडे नेईल तिकडे रोग जातो, बी आणि जमीन यांचे काव्य करण्याचे कारण नाही. आज दोन्ही मते अंशतः खरी मानली जातात. प्रवाह पेशीला दारापर्यंत पोचवितो; आत बिऱ्हाड थाटू द्यावयाचे की नाही हे ते घर ठरविते.

थायरॉइडचे घर तसे कडक शिस्तीचे आहे. एवढे रक्त येत असूनही दुसरीकडचा कर्करोग तेथे सहसा रुजत नाही. थायरॉइडमध्ये ज्या कर्करोगाच्या गाठी आढळतात, त्यांपैकी शंभरांत साधारण एक ते तीनच बाहेरून आलेल्या असतात. रूपर्ट विलिस या ऑस्ट्रेलियन विकृतिशास्त्रज्ञाने १९३१ साली या कोड्याचा विचार केला. रक्ताचा वेग इतका आहे की पेशीला पाय रोवण्यास अवसर मिळत नाही, आणि ग्रंथीतील प्राणवायू व आयोडीन यांचा साठा तिला मानवत नसावा, अशी त्याची अनुमाने. आधीच गलगंड झालेल्या किंवा साध्या गाठी असलेल्या ग्रंथीत हे संरक्षण उणे पडते आणि परके बी अधिक सहज रुजते, असे पुढील निरीक्षणांवरून दिसते. मूत्रपिंडाच्या कर्करोगाची पेशी थायरॉइडमधल्या जुन्या निरुपद्रवी गाठीच्याच पोटात जाऊन वाढल्याची उदाहरणेही नमूद आहेत.

आणखी एक भेद पाहण्याजोगा आहे. कर्करोगाने दगावलेल्या माणसांची मरणोत्तर तपासणी केली तर थायरॉइडमध्ये फुप्फुस, स्तन इत्यादींच्या कर्करोगाचे अंश पुष्कळदा सापडतात. ते अखेरच्या अवस्थेतले. रोग सर्वांगी भिनलेला असताना तेथेही पोचलेले. परंतु हिंडत्याफिरत्या माणसाच्या गळ्याला गाठ येते, तो डॉक्टरकडे जातो आणि ती दुसरीकडून आलेली निघते, अशा रुग्णांत मूत्रपिंडाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. म्हणजे हा पाहुणा नेहमीच अंत्यकाळी येतो असे नाही. कित्येकदा तो एकटा आणि वेळेवर येतो. आपल्या आशेचे स्थान तेच आहे.

त्याहून विलक्षण गोष्ट काळाची. मूत्रपिंड काढून टाकल्यावर पाच, दहा, क्वचित वीस वर्षांनंतरसुद्धा थायरॉइडमध्ये ही गाठ उगवते. पाच वर्षे सुखरूप गेली की कर्करोगातून सुटलो, अशी एक समजूत रूढ आहे. काही कर्करोगांना ती पुष्कळशी लागू पडते. मूत्रपिंडाचा कर्करोग तिला जुमानीत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच निसटलेल्या मूठभर पेशी कोठेतरी निपचित पडून राहतात. त्या मरत नाहीत आणि वाढतही नाहीत. शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना दाबून धरीत असते. मग वयोमानाने अथवा अन्य कारणाने हे पारडे कलते आणि निजलेली पेशी जागी होते. वैशाखात कोरड्या रानात हरळीचा मागमूस दिसत नाही, पण मृगाचा पाऊस पडताच ती कोठून उगवते हे ज्याने पाहिले आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही.

असा रुग्ण डॉक्टरांपुढे येतो तेव्हा काय घडते? गळ्यात गाठ आहे, घोट गिळताना ती वरखाली होते, म्हणजे थायरॉइडची आहे. क्वचित आवाज बसला आहे, गिळण्यास अडचण होते आहे. रक्ताच्या तपासणीत थायरॉइडचे काम बहुधा सुरळीतच निघते. तेव्हा रक्ताचा अहवाल चांगला म्हणून गाठ निर्धोक, असे समजता येत नाही. सोनोग्राफीत गाठ दिसते, पण तिचे मूळ गाव दिसत नाही. मग बारीक सुईने पेशी काढतात. ही गाठ रक्ताने इतकी भरलेली असते की सुईत पुष्कळदा रक्तच येते आणि निर्णय होत नाही. पेशी मिळाल्याच, तर त्या स्वच्छ दिसतात; परंतु थायरॉइडच्या स्वतःच्या काही गाठींतील पेशीही तशाच स्वच्छ दिसू शकतात.

येथे विकृतिशास्त्रज्ञ विशिष्ट रंजक परीक्षांचा आश्रय घेतो. थायरॉइडची पेशी थायरोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन बाळगते. मूत्रपिंडाची पेशी बाळगीत नाही. पण यातही एक चकवा आहे. ‘पॅक्स-८’ नावाचे एक प्रथिन थायरॉइडची खूण म्हणून वापरतात, आणि नेमके तेच मूत्रपिंडाच्या पेशींतही असते. कारण गर्भावस्थेत हे दोन्ही अवयव घडविताना निसर्गाने ते एकच अवजार वापरले आहे. केवळ तेवढ्या खुणेवर विसंबणारा माणूस परक्याला घरचा समजून बसेल. म्हणून अनेक खुणा ताडून पाहाव्या लागतात. आणि त्या ताडून पाहाव्यात हे सुचण्यासाठी विकृतिशास्त्रज्ञाला एक वाक्य कोणीतरी सांगावे लागते : “या रुग्णाचे एक मूत्रपिंड पूर्वी कर्करोगासाठी काढलेले आहे.” इतक्या यंत्रांच्या आणि रसायनांच्या या युगात निदानाची किल्ली अखेर एका साध्या वाक्यात असते!

ते वाक्य सांगितले गेले नाही तर काय होते? आपल्याकडे म्हण आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गाठ थायरॉइडची म्हणून तिच्यावर थायरॉइडच्याच कर्करोगाचे उपचार योजिले जातात. त्या उपचारांत किरणोत्सर्गी आयोडीन हे मोठे अस्त्र होय. थायरॉइडची पेशी आयोडीन ओढून घेते आणि त्याबरोबर स्वतःचा नाशही ओढवून घेते. मूत्रपिंडाच्या पेशीला आयोडीनशी कर्तव्यच नाही. तिच्यावर ते अस्त्र वाया जाते. शिवाय खरा रोग ओळखला न गेल्यामुळे फुप्फुस, हाडे, स्वादुपिंड या इतर स्थळांची झडती घेण्याचे राहून जाते, आणि मोलाचे महिने हातचे निघून जातात.

उलट मूळ ओळखले गेले तर करण्यासारखे पुष्कळ आहे. प्रथम सर्व शरीराची तपासणी करून रोग आणखी कोठे आहे काय हे पाहतात. तो केवळ थायरॉइडमध्येच असेल, तर शस्त्रक्रियेने ग्रंथीचा तो भाग किंवा सबंध ग्रंथी काढतात. आणि अशा कित्येक रुग्णांना पुढे अनेक वर्षांचे आयुष्य लाभते. सबंध ग्रंथी गेली तरी तिच्या स्रावाची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेऊन माणूस आपला व्यवसाय, संसार करू शकतो. रोग अन्यत्रही असेल तर औषधांचा मार्ग आहे. मूत्रपिंडाचा कर्करोग नेहमीच्या कर्करोगनाशक औषधांना फारशी दाद देत नाही. परंतु व्हीएचएलचे रहस्य उलगडल्यावर नव्या रक्तवाहिन्यांची वाट अडविणारी औषधे निघाली. अमेरिकेत २००५ च्या अखेरीस सोराफेनिब आणि २००६ साली सुनिटिनिब यांना मान्यता मिळाली. पुढे शरीराच्या प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणारी औषधे आली. त्यांपैकी निव्होलुमॅब २०१५ पासून या रोगासाठी दिले जाते. गंमत अशी की, सुनिटिनिबसारखी औषधे कित्येकदा निरोगी थायरॉइडचे कामही मंदावतात. तेव्हा उपचार चालू असताना फार थकवा आला तर तो रोगाचाच, असे गृहीत न धरता थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. या दोन अवयवांचे नाते असे औषधांतही सुटत नाही.

आता या विषयातील सर्वांत नाजूक बाबीकडे येतो. ते एक वाक्य रुग्ण का सांगत नाही? कधी विसर पडतो म्हणून. बारा वर्षांपूर्वी पोटाचे ऑपरेशन झाले. आता दुखणे गळ्याचे. कमरेचा आणि गळ्याचा संबंध काय, असे त्याला वाटले तर त्याचा दोष नाही. परंतु पुष्कळदा कारण वेगळे असते. रुग्णाला ते ठाऊकच नसते! आपल्या घरांत कर्करोग हा शब्द रुग्णापुढे उच्चारावयाचा नाही, अशी एक दयाबुद्धीची रीत आहे. मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतो, “वडिलांना कळू देऊ नका.” वडिलांना सांगितले जाते, “मुतखडा मोठा होता, मूत्रपिंड निकामी झाले होते, काढून टाकले.” विकृतिशास्त्राचा अहवाल कपाटाच्या तळाशी जातो, घर बदलताना रद्दीत जातो. मुलगा नोकरीनिमित्त दूर जातो. आणि बारा वर्षांनी तेच वडील कोणा नव्या डॉक्टरपुढे बसून खऱ्या मनाने सांगतात, “मुतखड्याचे ऑपरेशन झाले होते, बाकी काही नाही.” ज्यांनी ते असत्य प्रेमाने सांगितले, त्यांना ते पुढे कोणती वाट अडविणार आहे याची कल्पना नव्हती. मी त्यांना दोष देत नाही. परंतु एवढे म्हणतो की, आपल्या शरीराचा इतिहास ही रुग्णाच्या मालकीची वस्तू आहे. धीर देऊन, माणूस पाहून, वेळ पाहून ती सांगावी. पण त्याच्यापासून कायमची हिरावून घेऊ नये.

श्रोत्यांपैकी कोणी हे ऐकून आपला गळा चाचपू लागला असेल, तर त्याला धीर देणे माझे कर्तव्य आहे. थायरॉइडच्या गाठी फार सामान्य आहेत. शंभरांतील सुमारे नव्वद किंवा त्याहून अधिक निरुपद्रवी असतात, आणि उरलेल्यांतील बहुतेक थायरॉइडच्या स्वतःच्या, चांगल्या बऱ्या होणाऱ्या कर्करोगाच्या असतात. नवी गाठ दाखवावी सर्वांनी. परंतु ज्याचे मूत्रपिंड कर्करोगासाठी काढले आहे त्याने ती विनाविलंब दाखवावी, मग शस्त्रक्रियेला कितीही वर्षे लोटलेली असोत.

करावयाचे ते अवघड नाही. कोल्हापूर, नांदेड, गोवा अशा दूरदूरच्या ठिकाणांहून माणसे उपचारासाठी परळच्या टाटा रुग्णालयात, पुण्याला, नागपूरला जातात; बरी होऊन गावी परततात. त्यांनी परत येताना औषधांच्या पिशवीत विकृतिशास्त्राचा अहवालही घेऊन यावा. जमिनीचा सातबारा आपण जसा जपतो तसा तो जपावा, आणि घरातील आणखी एका माणसाला तो कोठे ठेवला आहे हे ठाऊक असावे. डॉक्टरांनी ठरवून दिलेली तपासणी, बरे वाटते म्हणून, सोडू नये. आणि पुढे कोणत्याही दुखण्यासाठी, कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर, विचारले नाही तरी ते एक वाक्य आपण होऊन सांगावे. ते सांगण्याला पैसा पडत नाही. आणि एखाद्या दिवशी, गळ्यातील एका लहानशा गाठीपुढे, डॉक्टरांच्या साऱ्या यंत्रसामग्रीहून तेच अधिक उपयोगी पडण्याचा संभव आहे.